एका हातानं चालणारा एडिटर

त्या खोलीत आम्ही मे महिन्यातही स्वेटर घालून बसायचो. नगरच्या बाहेर, लष्कराच्या हद्दीला लागून असलेल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीला होते, आणि आख्ख्या आवारात गार हवेचं यंत्र बसवलेली ती एवढी एकच खोली होती. गारवा माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी करावीत एवढा तो कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे एक टेलिप्रिंटर. आजच्यासारखा पडदा वगैरे काही नाही. आपण जे टाइप करू तेही आणि यंत्र जे उत्तर देईल तेही, सगळं एकाच कागदाच्या गुंडाळीवर खडखड करत छापलं जायचं. दिवसभर त्या आवाजात बसून संध्याकाळी बाहेर पडलं की माळावरची शांतता कानाला टोचायची.

ही हकिकत बहात्तर-त्र्याहत्तर सालची. मी चोवीस वर्षांची होते. माझं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून पायी तासाभरावर. आम्ही बौद्ध. मी दुसरीत असताना एके दिवशी घरातले देव उतरवले गेले आणि त्या जागी बुद्धाची तसबीर आली, एवढं मला आठवतं. वडील रेल्वेत गँगमन होते. मी कॉलेजात असताना ते गेले. शिष्यवृत्तीवर पुण्यात एम.एस्सी. झाले, गणित घेऊन. मग मुंबईच्या एका संस्थेत सहा महिने प्रोग्राम लिहायला शिकले आणि तेवढ्या भांडवलावर ही नोकरी मिळाली. आई गावीच राहिली.

प्रयोगशाळेत काय चालतं ते बाहेर सांगायची मनाई होती. सांगायची मुभा असती तरी आईला काय सांगणार होते? ती विचारायची, "तू तिथं करतीस तरी काय?"

"गणितं सोडवते."

"शाळंत सोडवलीस की येवढी वर्सं. अजून संपली न्हाईत व्हय?"

शहरात खोली शोधताना दोन घरी आडनाव विचारून झाल्यावर "कळवतो" असं उत्तर मिळालं. दोन्हीकडून काही कळलं नाही. शेवटी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी मागची खोली दिली. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांना ऐकूच फार कमी यायचं. बाई प्रेमळ होत्या, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगावं असं माझ्याकडे काही नसायचं. सकाळी सायकल काढताना "जाते" आणि संध्याकाळी लावताना "आले", हे दोन शब्द मी हातवारे करून बोलायचे. कित्येक रविवार असे गेले की त्या दोन शब्दांचीही गरज पडली नाही.

कार्यालयात चार बायका होत्या, पण त्या आस्थापना विभागात, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला मी डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. त्या सरकून जागा द्यायच्या, एकमेकींच्या भाज्या वाटून घ्यायच्या, माझ्या डब्याकडे मात्र कोणाचा हात यायचा नाही. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. महिनाभरानं मी खोलीमागच्या पायरीवर, लिंबाखाली बसून जेवायला लागले. "का गं येत नाहीस?" असं कोणी विचारलं नाही.

आता त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. यंत्र सुरू केलं की त्याचा सगळा कारभार पाहणारा एक मूळ प्रोग्राम जागा व्हायचा. त्याला आम्ही मॉनिटर म्हणत असू. मॉनिटरला एखाद्या प्रोग्रामचं नाव टाइप करून दिलं, की तळहाताएवढ्या चुंबकीय टेपच्या रिळावरून तो प्रोग्राम शोधून हजर करायचा. त्यातला रोज लागणारा प्रोग्राम म्हणजे एडिटर. आकड्यांची कोष्टकं, नवे प्रोग्राम, जे काही यंत्रात घालायचं ते आधी एडिटरमध्ये टाइप करायचं, तिथंच दुरुस्त करायचं आणि मग साठवायचं. तो एडिटर यंत्राबरोबरच कंपनीकडून आलेला. कामचलाऊ होता. एका अक्षराची चूक असली तरी अख्खी ओळ पुन्हा टाइप करावी लागायची. आणि मजकूर लिहिणं थांबवून "आता ही ओळ पूस" किंवा "आता हे साठव" अशी आज्ञा द्यायची असेल, तर दर वेळी दोन बटणं एकदम दाबावी लागायची. डाव्या टोकाचं कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी उजवीकडचं एल. दिवसातून दोनशे वेळा तरी.

मला त्याचं काही वाटत नसे. मला दोन हात होते.

बहात्तरच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या त्या पावसाळ्यात, टेलिप्रिंटर चालवायला एक माणूस नेमला गेला. वय चाळिशीच्या आत, उंच, खाकी पँट आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. सदऱ्याची डावी बाही कोपराखाली दुमडून पिनेनं बंद केलेली. पारनेर तालुक्यातल्या एका गावचा, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होता. आदल्या डिसेंबरच्या लढाईत डावा हात गेला. सहा महिने इस्पितळात काढून आला होता. सगळे त्याला हवालदारच म्हणायचे, मीही.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी इथं नुसतं साहेब म्हणते, त्याला माझ्याकडे सोपवताना म्हणाले, "टेलिप्रिंटरची सवय आहे त्यांना. एडिटर तेवढा शिकवा."

पहिल्या दिवशी मी पाहिलं आणि थक्क झाले. एका हातानं तो माझ्याइतकाच भराभर टाइप करायचा. बोटं बटणांवर नाचायची नाहीत, चालायची. एकसारख्या पावलांनी, न चुकता. पण आज्ञा द्यायची वेळ आली की तो थांबायचा. एका पंज्याची कंट्रोलपासून एलपर्यंत पोच नव्हती, आणि त्या टेलिप्रिंटरची बटणं अशी ताठ की करंगळीच्या टोकानं दबायचीच नाहीत. मग तो डावा खांदा खाली झुकवायचा, उरलेला हात कंट्रोलवर टेकवायचा आणि उजव्या हातानं एल दाबायचा. अर्ध्या वेळा शेजारचं ए दबायचं आणि नको ते अक्षर ओळीत घुसायचं. मग ती ओळ पुन्हा पहिल्यापासून.

"दुखतं का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. सवय व्हईल."

चौथ्या-पाचव्या दिवशी दुमडलेल्या बाहीवर लाल डाग दिसला. तो त्यानं माझ्या आधी पाहिला होता आणि फाईल पुढे ओढून झाकला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातून एक लोखंडी तुकडा आणला, आज्ञेच्या वेळी कंट्रोलवर ठेवायला. तो ठेवून एल दाबलं की काम व्हायचं, पण तुकडा उचलायचं एकदा राहून गेलं आणि त्यानं पुढचा शब्द टाइप केला. जी या अक्षराबरोबर कंट्रोल दाबलेलं असलं की टेलिप्रिंटरची घंटा वाजायची. ती खणाणली. नेमके त्याच वेळी शेजारच्या विभागातले दोन इंजिनिअर आकडे घेऊन दारात उभे होते. "हवालदार, शाळा सुटली का?" असं एक जण म्हणाला आणि दोघं हसले. वाईट हेतू नसावा. हवालदारही थोडा हसला. नंतर त्यानं तो तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि पुन्हा कधी काढला नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. "अजून तीन आठवडे बघू. नाही जमलं तर त्यांना गेटवर रजिस्टरला बसवू. माणूस चांगला आहे हो, पण त्याचे हाल कशाला करायचे?"

"टायपिंग उत्तम आहे त्यांचं," मी म्हटलं.

"तेच तर. टायपिंग उत्तम आहे आणि काम होत नाही."

मी परत येऊन पायरीवर बसले. डबा उघडला नाही. साहेब निर्दय नव्हते; ते म्हणत होते ते दिसत होतंच. पण माझ्या मनात आलं, माणसात खोट नाही, खोट त्या प्रोग्राममध्ये आहे. आणि प्रोग्राम कोणीतरी लिहिलेला असतो. मग तो मलाही लिहिता येईल.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी साडेसातलाच यायला लागले. दहापर्यंत यंत्र रिकामं असायचं. संध्याकाळी खोलीवर, वापरलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायचा. यंत्राची स्मरणशक्ती अगदी तोकडी, आणि तेवढ्यातच मॉनिटर, एडिटर आणि टाइप केलेला मजकूर असं सगळं मावायला हवं. एकेक पायरी वाचवण्यासाठी मी आठवडा घालवला असेल. नर्सबाई कंदिलाची काच पुसता पुसता माझ्याकडे पाहायच्या. एकदा त्यांनी मोठ्यानं विचारलं, "परीक्षा आहे?" मी मान हलवून हो म्हटलं.

सगळं लिहून होत आलं आणि मुख्य अडचणीशी गाडी अडली. दोन बटणं एकदम दाबायची नाहीत, मग मजकूर कुठे संपला आणि आज्ञा कुठे सुरू झाली हे यंत्राला कळणार कसं? कोणतंही अक्षर खूण म्हणून धरावं, तर ते मजकुरातही येऊ शकतं. दोन दिवस डोकं खाजवून मी शेवटी हवालदारांनाच विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

"तुमच्याकडे संदेश पाठवताना तो संपला हे पलीकडच्याला कसं कळायचं?"

"खून आसती ना मॅडम. संपल्याची येगळी खून. ती मजकुरात कधी येत न्हाई, एकलीच येती." त्यांनी टेबलावर बोटानं ती ठोकून दाखवली, छोटे-मोठे ठोके. "आन् समजा खून न्हाई मिळाली, तर पलीकडचा वाट बघत बसतो. तो आपनहून काई ठरवत न्हाई."

एकटीच येते. मी टेलिप्रिंटरवरचा कागद पाहिला. पूर्णविरामाचा ठिपका मजकुरात हजार वेळा येतो, पण ओळीत दुसरं काही नाही आणि नुसता एक ठिपका, असं कधीच येत नाही.

"ओळीवर नुसता ठिपका दिला तर?" मी मोठ्यानं म्हटलं.

"कुटं?"

"इथं. या कंट्रोलच्या ऐवजी. ठिपका दाबायचा आणि ओळ संपवायची. एकामागून एक, दोन बटणं."

त्यांनी बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आसं करता येतं?"

"व्हय, येतं की. मी लिवतेय त्येच."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. सहा वर्षं पुण्यात आणि मुंबईत मी ती बोली जिभेवरून खरवडून काढली होती. नगरला आल्यापासून तर जास्तच जपून बोलत होते. हवालदारांनी विचारलं, "गाव कोनचं मॅडम?"

"काष्टीकडचं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. काय ठीक आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून आम्ही दोघं खोलीत असलो की मी तशीच बोलायचे, आणि दारात कोणी आलं की परत पुणेरी. त्यांना ते पाहून गंमत वाटायची.

पुढच्या सकाळपासून तेही साडेसातला यायला लागले. नवा एडिटर यंत्रात घालायचा तर तो टाइप जुन्या एडिटरमध्येच करावा लागणार होता. मी म्हटलं, "मी करते." ते म्हणाले, "तुमची चूक लई व्हती, सरका." आणि माझ्या पेन्सिलीच्या कागदांवरून निम्मा प्रोग्राम त्यांनी टाइप केला, त्या कंट्रोलवर खांदा झुकवत, ओळीमागून ओळ. "हे सगळं कशाला मॅडम?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांचीच सोय होईल. अक्षर चुकलं तर अख्खी ओळ लिहायला नको." ते खरंही होतं, तीही सोय मी केली होती. पण मी तेवढंच सांगितलं.

पहिल्या चाचण्या बऱ्या गेल्या. म्हणून एका सोमवारी मी त्यांना खरं काम नव्या एडिटरमध्ये करायला सांगितलं. मोजमापांचं लांबलचक कोष्टक होतं. तीन तास त्यांनी टाइप केलं. एकदाही थांबले नाहीत. ओळ, ओळ, ठिपका, आज्ञा, पुन्हा ओळ. मी मागे उभी राहून पाहत होते आणि मला कोणाला तरी हाक मारून बोलवावंसं वाटत होतं. हाक मारावी असं कोणी नव्हतं.

शेवटी त्यांनी जास्तीची एक ओळ पुसली. ती कोष्टकातली अगदी शेवटची ओळ होती. मग सगळं छापायची आज्ञा दिली. टेलिप्रिंटरनं कागद एक ओळ वर सरकवला आणि गप्प झाला. पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा रिकामी ओळ. शेवटची ओळ पुसली की मजकूर किती आहे हे मोजणारा आकडा माझ्या प्रोग्राममध्ये शून्य होत होता. यंत्राच्या लेखी काही टाइप झालंच नव्हतं. तीन तासांचं काम गेलं होतं.

मी प्रोग्रामचे कागद पुढे ओढले आणि ओळ पुसायच्या पायऱ्या पुन्हा तपासायला लागले.

हवालदारांनी कागद फाडून त्याची घडी केली. "वादळात बिनतारी जायची मॅडम. मंग आमी पुन्यांदा पाठवायचो. चूक सापडली का ते सांगा."

"सापडली."

"मंग झालं तर."

ती चूक दुरुस्त करायला मला वीस मिनिटं लागली, आणि त्यांनी जेवणाची सुट्टी न घेता ते कोष्टक परत टाइप केलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी चार वाजता पायरीवर डबे उघडले. त्यांनी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता उचलली.

बदल कायमचा करायचा तर मॉनिटरला सांगायला हवं होतं. म्हणजे विशेष काही नाही: रिळावर कंपनीचा एडिटर ज्या नावानं होता ते नाव मी माझ्या प्रोग्रामला दिलं, आणि कंपनीच्या एडिटरला 'जुना' असं नाव दिलं. मॉनिटरला नावाशी मतलब. नावापुढे कोणाचा प्रोग्राम आहे हे तो पाहत नाही. शुक्रवारी सकाळी मी ते केलं. कोणाची परवानगी घेतली नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

सोमवारी साहेब स्वतः टेलिप्रिंटरवर बसले. एक आकडा बदलायचा होता. त्यांनी सवयीप्रमाणे कंट्रोल आणि एल दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"हे बिघडलंय का?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "कंपनीचा प्रोग्राम बदललात? कोणाच्या परवानगीनं?"

"कोणाच्या नाही, सर. जुना तसाच ठेवलाय."

"उद्या काही घोटाळा झाला तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"हो, सर. मी."

हवालदार भिंतीशी उभे होते. ते पुढे आले. "साहेब, बसू का मी? आकडा कोनचा बदलायचा?" साहेब अजून रागात होते, पण उठले. हवालदारांनी बसून ओळ काढली, त्यातला तेवढा एक आकडा बदलला, साठवला आणि कोष्टक छापायला लावलं. मिनिटभराचं काम. खांदा एकदाही झुकला नाही. साहेब कागद वर येताना पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद तपासला आणि मला म्हणाले, "जुन्याची एक प्रत कपाटात कुलपात ठेवा. आणि याची माहिती लिहून द्या, सगळ्यांना समजेल अशी." दारातून ते परत वळले. "गेटचं मी कोणाला बोललो नव्हतो. तुम्हीही बोलू नका."

मला वाटलं आता सगळं बरं होणार. काही महिने बरं होतंही. सकाळचा खडखडाट, पायरीवरचे डबे. दुष्काळ वाढत होता. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली होती, नको म्हटलं तर म्हणाली, "घरी बसून काय करू, भित्तीशी बोलू?" हे मी हवालदारांना सांगितलं. त्यांच्या गावची विहीर आटली होती, हे त्यांनी मला सांगितलं. दोघांना तेवढं बोलणं पुरायचं.

जानेवारीत एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. एस.टी.नं गेले. घर दगडी, अंगण सारवलेलं. दारात त्यांच्या म्हाताऱ्या आई होत्या. त्यांनी हसून हात धरला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हात सोडला. झटकन नाही, हळूच. मी घोंगडीवर बसले. हवालदारांच्या पत्नीनं गुळाचा चहा केला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यांतून दिला. मला द्यायला आजींनी ओसरीतल्या कोनाड्यातून एक कान तुटलेली कपबशी काढली आणि पदरानं पुसली.

ती कपबशी मी ओळखत होते. म्हणजे तशा कपबश्या मी लहानपणापासून ओळखत होते.

हवालदार हात धुऊन आत आले आणि त्यांनी ते पाहिलं. "आई, ती हिकडं दे. मला."

"आरं, ती पाव्हनीला..."

"मला दे म्हनलं ना."

त्यांनी ती घेतली, बशी जमिनीवर ठेवली आणि कपातून चहा प्यायला सुरुवात केली. त्यांचा पेला त्यांच्या पत्नीनं माझ्यापुढे सरकवला. मी तो चहा प्यायले. मला राग आला नाही आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं नाही. मला फक्त तिथून निघावंसं वाटत होतं. जेवण झालं, आजींनी निघताना भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या, आणि एस.टी. येईपर्यंत हवालदार फाट्यावर माझ्याबरोबर उभे राहिले. "मॅडम..." ते म्हणाले. "यस्टी आली," मी म्हटलं.

त्यावर आम्ही नंतर कधीच बोललो नाही. डबे पूर्वीसारखे उघडायचे, पण मधेच एक गप्पपणा येऊन बसायचा.

मार्चमध्ये वरच्या कार्यालयातले एक मोठे अधिकारी पाहणीला आले. एका हातानं कोष्टकं उतरवून काढणारा माणूस पाहून ते तिथंच पंधरा मिनिटं उभे राहिले. महिन्याभरात हवालदारांच्या बदलीचा हुकूम आला: दक्षिणेतल्या एका मोठ्या केंद्रात, बढतीवर. तिथंही हेच यंत्र होतं. साहेबांनी पेढे आणले. एका माणसाला गेटवरून वाचवण्यासाठी मी जे केलं होतं, त्यानंच तो माणूस मला दुरावणार होता, हे पेढा हातात असताना माझ्या ध्यानात आलं.

शेवटच्या दिवशी मी माझ्या एडिटरची एक प्रत रिळावर काढून पत्र्याच्या डबीत घालून त्यांना दिली. चालवायची कशी ते कागदावर लिहून दिलं, जरी त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"तिकडं मराठी कोन बोलनार आपल्याशी?" गेटपाशी ते म्हणाले.

"शिकचाल तिकडची."

"आन् तुमी?"

"मी हाय हितंच."

त्यांनी उजवा हात कपाळाशी नेऊन फौजी सलाम केला. मी सायकलचं हँडल धरून उभी राहिले.

त्यांची जागा घ्यायला जो ऑपरेटर आला त्याला दोन्ही हात होते. ओळीवर नुसता ठिपका का द्यायचा, हे त्यानं विचारलं नाही. नंतरच्या वर्षी कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला, रीळ बदलून आपला एडिटर परत घालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी नव्या ऑपरेटरनंच तक्रार केली की एका अक्षरासाठी अख्खी ओळ कोण लिहीत बसणार. मी माझा परत घातला. यंत्र निकालात निघेपर्यंत तोच चालला. मी पुन्हा दहाला यायला लागले होते. पायरीवर एकटीच जेवायचे. दक्षिणेतून दोन पत्रं आली, मीही दोन लिहिली. तिसरं कोणी लिहायचं हे ठरलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, मी बदली होऊन दुसरीकडे गेले होते आणि आई माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा एका दुपारी मी तिला हे सगळं सांगितलं. यंत्र, टेलिप्रिंटर, दोन बटणं. मला वाटलं होतं तिला काही समजणार नाही. ती गहू निवडता निवडता ऐकत होती.

"मंजे त्या मान्साला येका हातानं काम करता यावं म्हनून तू त्ये बदललं."

"हो."

"त्याला सांगितलं व्हतं का तू? तुज्यासाटी केलं म्हनून?"

"नाही. सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणाले."

तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "आन् आता कुटं आसतो त्यो?"

"ठाऊक नाही."

"सांगायचं व्हतं," ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली. मग मीही मूठभर गहू माझ्याकडे ओढून घेतले.